गाडी घेण्याआधी तिचा पुढचा मालक शोधा

(ऑडिओ ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी या एपिसोडचा मजकूर. 'अं', 'म्हणजे' आणि मधेच भुंकलेला शेजारचा कुत्रा काढून टाकलाय, बाकी जसंच्या तसं.)

मागच्या एपिसोडनंतर सगळ्यात जास्त मेसेज एकाच विषयावर आले. 'भाऊ, सात-आठ लाखांत अशी गाडी सांग, जी रोज चालवायला मजा येईल आणि विकताना रडायला लागणार नाही.' पाठवणारे सगळे आपल्याच भागातले. एक जण राजुऱ्याचा, दोघं ब्रह्मपुरीचे, एक तर चामोर्शीहून.

आता मी काही ऑटो एक्स्पर्ट नाही. बीटेक केलंय ते कॉम्प्युटरमध्ये, दिवसभर कोड लिहितो, आणि गाड्यांचे व्हिडिओ जेवताना पाहतो. पण या प्रश्नाची फी मी भरलेली आहे. तीन लाख तीस हजार रुपये. तेच सांगतो आधी.

२०२१ मध्ये मी पुण्यात होतो. तिथं एक सेकंडहँड हॅचबॅक घेतली, सहा लाख नव्वद हजारांना. कोणती ते सांगत नाही, कारण चूक गाडीची नव्हती, माझी होती. टर्बो पेट्रोल, रुंद टायर, मोठे अलॉय, जमिनीला चिकटून चालणारी. पुण्याहून पहाटे ताम्हिणीत न्यायची आणि नऊला परत येऊन लॉगिन करायचं. गाडी चालवणं म्हणजे काय असतं ते मला तिनं शिकवलं, खोटं नाही बोलणार.

मग बाबांना हार्टचा त्रास सुरू झाला, कंपनीनं घरून काम करायला परवानगी दिली, आणि मी गाडीसकट चंद्रपूरला आलो. त्या गाडीनं आपला जिल्हा पाहिला आणि आमचं नातं बिघडलं. ताई अल्लापल्लीच्या पुढे शिक्षिका आहे. तिच्याकडे जायचं तर बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी, आष्टी करत जावं लागतं. आष्टीला वैनगंगेचा पूल ओलांडला की पुढे सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांनी रस्त्याचं काय केलंय ते ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. पहिल्याच फेरीत एक अलॉय तडकला. लोखंडी रिम असती तर हातोड्यानं ठोकून सरळ केली असती. त्या साइजचा टायर अहेरीत नाही, गडचिरोलीत नाही, चंद्रपुरात 'मागवून देतो साहेब'.

आणि मग नोव्हेंबर २०२३. मूलहून परत येत होतो, संध्याकाळचे साडेसहा. चिचपल्लीच्या आसपास डाव्या बाजूनं रानडुक्कर आलं. मी साठच्या आसपास होतो. डुक्कर उठून जंगलात गेलं. माझं बंपर, एक हेडलाइट आणि रेडिएटर गेलं. मला काही लागलं नाही, गाडीत मी एकटाच होतो. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी होती, त्यामुळे क्लेम मिळाला. (ज्यांच्याकडे नुसती थर्ड पार्टी आहे त्यांनी ऐका. जनावराला धडकून झालेलं स्वतःच्या गाडीचं नुकसान त्यात येत नाही. जंगलाच्या जिल्ह्यात राहता, हजार-दोन हजारांसाठी हा खेळ खेळू नका.) पण क्लेम मिळणं वेगळं आणि पार्ट मिळणं वेगळं. ते मॉडेल मुळातच कमी खपलेलं. हेडलाइट यायला सत्तेचाळीस दिवस लागले. त्यात बाबांची नागपूरची तपासणीची तारीख दोनदा आली. दोन्ही वेळा भाड्याची गाडी केली, आणि बाबा रस्ताभर एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

२०२४ मध्ये विकायला काढली. आणि इथं मला तो धडा मिळाला, ज्याच्यासाठी हा एपिसोड आहे. चंद्रपुरात त्या गाडीला गिऱ्हाईकच नव्हतं. लोक यायचे, चक्कर मारायचे, 'पिकअप भारी आहे' म्हणायचे आणि मग विचारायचे, 'पण मिस्त्री कोण करते हिचं काम?' मी गप्प. शेवटी पुण्याच्याच एका मुलानं तीन लाख साठ हजारांना नेली. तीन वर्षांत सत्तावीस हजार किलोमीटर चाललेली, आणि तोटा तीन लाख तीस हजार. म्हणजे किलोमीटरला बारा रुपये, नुसते किंमत उतरण्याचे. पेट्रोल त्याच्या अर्ध्यावर होतं!

आपण मायलेजवर किती भांडतो पाहा. अठरा देते की वीस देते यावर चहाच्या टपरीवर तासभर जातो. १०५ रुपये लिटर धरलं तर अठरा आणि वीसमधला फरक किलोमीटरला साठ पैशांचाही नाही. आणि जिथं बारा रुपये जातात तिकडे कोणी पाहतच नाही.

तर रीसेल म्हणजे काय? यूट्यूबवाले सांगतात ब्रँड, रंग, सनरूफ. मी म्हणतो, रीसेल म्हणजे एक माणूस. तुमच्यापासून दीडशे किलोमीटरच्या आत राहणारा, चार वर्षांनी तुमची गाडी घेणारा. तो कोण आहे? आपल्याकडे तो बहुतेक वेळा वेकोलितला कामगार असतो, सिमेंट फॅक्टरीतला सुपरवायझर असतो, जिल्हा परिषदेचा शिक्षक असतो, नाहीतर गडचिरोलीला नव्यानं पोस्टिंग झालेला कर्मचारी. त्याला झिरो ते शंभर किती सेकंदांत याच्याशी घेणंदेणं नाही. तो तीन गोष्टी विचारतो. खाली घासते का, मिस्त्री कोण, आणि मे महिन्यात एसी मागच्या सीटपर्यंत येतो का. तिसऱ्या प्रश्नावर हसू नका. आपल्याकडे पारा सत्तेचाळीसच्या वर गेलेला आपण सगळ्यांनी पाहिलाय. गाडीची टेस्ट ड्राइव्ह नेहमी दुपारी दोनला घ्या, सकाळी आठला सगळ्याच गाड्या थंड असतात.

एखादी गाडी किंमत धरते की नाही हे मोजायची एक सोपी पट्टी सांगतो. इन्शुरन्समध्ये आयडीव्ही असतो, त्याची घसाऱ्याची ठरलेली टक्केवारी आहे. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोनपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५०. सगळ्या गाड्यांना सारखी. म्हणजे आठ लाखांची गाडी साडेचार वर्षांची झाली की कागदावर चार लाख. आता त्याच वर्षाची तीच गाडी चंद्रपूर-नागपूरच्या बाजारात कितीला मागतायत ते पाहा. चारच्या बऱ्यापैकी वर असेल तर गाडी किंमत धरते. खाली असेल तर मजा येत असली तरी हात जोडा. मी माझ्या आधीच्या गाडीला ही पट्टी विकून झाल्यावर लावली. इंजिनिअर ना आपण, टेस्टिंग प्रॉडक्शनमध्येच करतो.

नवी की जुनी, हाही प्रश्न होता. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के एकरकमी रोड टॅक्स लागतो. आठ लाखांवर अठ्ठ्याऐंशी हजार. त्यात पहिला इन्शुरन्स. हे पैसे गाडी शोरूमच्या बाहेर पडताच गेले, पुढचा मालक ते देत नसतो. समजा अशी गाडी रस्त्यावर सव्वानऊला पडली आणि चार वर्षांनी सव्वापाचला विकली. चार लाख गेले. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर धरले तर किलोमीटरला साधारण सहा रुपये सत्तर पैसे. तीच गाडी चार वर्षांची साडेपाचला घेऊन आणखी चार वर्षांनी तीन ऐंशीला विकली, तर दोन रुपये ऐंशी पैसे. आकडे माझ्या एक्सेल शीटमधले आहेत, तुमच्या मॉडेलचे तुम्ही टाका. पण पहिल्या मालकाला सगळ्यात मोठा खड्डा सोसावा लागतो, हे चित्र फारसं बदलत नाही.

बरं, बाजार तुम्हाला न विचारताही किंमत पाडतो. २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेसवरून १८ वर आला. छोटी म्हणजे चार मीटरच्या आतली, पेट्रोल बाराशे सीसीपर्यंत, डिझेल पंधराशेपर्यंत. पेट्रोलवाल्यांचा एकूण कर २९ वरून १८ झाला, म्हणजे नव्या गाडीची किंमत साधारण साडेआठ टक्क्यांनी खाली. नवी स्वस्त झाली की जुनीही स्वस्त होणारच. ऑगस्टमध्ये मला एक दलाल रोज फोन करत होता, 'साहेब, गाडी मख्खन आहे, आजच टोकन टाका.' स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात करकपातीची घोषणा झालेली, आणि हा म्हणतो आजच टाका. मी महिनाभर थांबलो. त्या महिन्यानं माझे पन्नासेक हजार वाचवले असतील.

आता घरातली भांडणं. आमच्या घरी चार माणसं आणि चार गाड्या.

माझ्या मनात जिमनी. फोर बाय फोर, लो रेंज गिअर, २१० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, आणि दिसते कशी! भामरागडला पर्लकोटेचं पाणी उतरल्यावर चिखलातून जाणारी गाडी म्हणजे हीच, असं चित्र मी डोक्यात रंगवलेलं. आता पर्लकोटेला पूर आल्यावर भामरागडचा संपर्कच तुटतो, तिथं मी लॅपटॉप घेऊन काय करणार होतो ते विचारू नका. पण किंमत पाहा. पाच दारांची जिमनी जून २०२३ मध्ये पावणेतेरा लाखांच्या जवळपास, १२.७४ पासून सुरू झाली. त्याच वर्षाच्या शेवटी थंडर एडिशन आली ती १०.७४ पासून. ज्यानं जूनमध्ये घेतली त्याचे दोन लाख गाडी अंगणात उभी असताना गेले. नव्या मॉडेलवर पहिल्याच महिन्यात उडी मारू नये ते याच्यासाठी. शिवाय माझ्या बजेटच्या बाहेर. विषय संपला. (संपला नाही, पण संपला.)

बाबांचा हट्ट बोलेरो. त्यांचं म्हणणं खोटं नाही. २००० सालापासून आहे, फॉरेस्टवाल्यांकडे आहे, ठेकेदारांकडे आहे, एटापल्लीच्या पुढेही कुठलाही मिस्त्री झाडाखाली उभी करून उघडतो. पुढचा मालक शोधायचा या माझ्या कसोटीवर बोलेरो पहिली येते. गडचिरोलीत विकायला काढा, संध्याकाळपर्यंत दोन फोन येतील. पण मी एका मित्राची चंद्रपूर ते नागपूर चालवून पाहिली. भद्रावती, वरोरा, जांब करत दीडशे किलोमीटर. उतरल्यावर माझीच पाठ बोलत होती, बाबांच्या बायपासचं काय बोलायचं. आणि रोज जटपुरा गेटमधून न्यायची! ज्यांनी चंद्रपूर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, हे गोंड राजांच्या परकोटाचं दार आहे, शेकडो वर्षांपूर्वीचं, आणि आजचं सगळं ट्रॅफिक त्याच्याभोवतीच अडतं. माझं रोजचं ड्रायव्हिंग म्हणजे ऐंशी टक्के तेच. घाटातली वळणं वर्षातून एकदा.

एक्सेल शीटचं उत्तर स्विफ्ट होतं. स्पष्ट. मोठ्या फरकानं. २००५ पासूनची गाडी, हलकी, स्टिअरिंग पोरासारखं ऐकतं, २०२४ च्या आधीच्या मॉडेलमध्ये चार सिलिंडरचं इंजिन, आणि चंद्रपूर सोडा, सिरोंच्यातही काम करणारा सापडेल. पुढचा मालक तर रांगेत उभा. १६३ मिलिमीटर क्लिअरन्स आष्टीच्या पुढे थोडा कमी पडतो, पण हळू गेलं की निघते. एक पाहूनही ठेवली होती, पाच लाख साठ हजारांना.

ताई त्या रविवारी घरी आली होती. तिनं शीट पाहिलं. मास्तरीण आहे, शीट म्हणजे तिला वही तपासल्यासारखं. सगळे कॉलम पाहिले आणि म्हणाली, 'डुकराचा कॉलम कुठाय?'

मी म्हटलं, कसला?

'तुला डुक्कर धडकलं तेव्हा तू एकटा होतास. बाबा असते तर? डुकराच्या जागी ट्रक असता तर?'

माझ्याकडे उत्तर होतं, ते मी शीटमध्ये टाकलं नव्हतं एवढंच. डिसेंबर २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपनं भारतात बनलेल्या तेव्हाच्या स्विफ्टला एक स्टार दिला होता, पाचपैकी. मला ते माहीत होतं. रीसेलच्या आकड्यात ते दिसत नाही, कारण आपल्या बाजारात विकताना स्टारचे पैसे फारसे कोणी देत नाही. म्हणून मीही ते मोजलं नाही. जे विकलं जात नाही ते मी शून्य धरलं होतं, साधा बग.

मग शीट पुन्हा उघडलं आणि उलटीकडून सुरुवात केली. आधी चार-पाच स्टारच्या गाड्या, त्यातून आपल्या रस्त्याला चालणाऱ्या, त्यातून पुढचा मालक असलेल्या. यादी एकदम छोटी झाली. टाटाची नेक्सॉन २०१८ च्या डिसेंबरमध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच स्टार मिळवणारी पहिली भारतीय गाडी. २०९ मिलिमीटर क्लिअरन्स. बाराशेच्या आतलं टर्बो पेट्रोल, त्यामुळे तिलाही कमी जीएसटी. आणि रस्त्यावर मोजून पाहा, चंद्रपूर ते मूल जाताना किती दिसतात. मी एका फेरीत एकवीस मोजल्या. जितक्या रस्त्यावर, तितके मिस्त्रींचे हात सरावलेले, तितकं गिऱ्हाईक. हा माझा सर्व्हे, शास्त्रीय वगैरे नाही, पण फुकट आहे आणि तुमच्याच रस्त्याचा आहे. डिझेल घेतली नाही, कारण बीएस-६ डिझेलला डीपीएफ असतो, त्याला लांब आणि सलग रनिंग लागतं. जटपुरा गेटच्या रखडपट्टीत तो चोंदतो.

इलेक्ट्रिकचं विचारलंय दोघांनी. चंद्रपूर ते नागपूर एवढंच असेल तर विचार करा. मला भामरागडच्या बाजूला जायचं असतं आणि नव्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या किमती अजून हलतायत, म्हणून पुढच्या मालकाचा अंदाजच येत नाही. दारात २९२० मेगावॅटचं वीज केंद्र आणि आपण चार्जर शोधत फिरतोय, गंमतच आहे.

गाडी मिळाली गडचिरोलीत. एमएच ३३, २०२१ ची पेट्रोल मॅन्युअल, अडतीस हजार रनिंग, मालकाची बदली पश्चिम महाराष्ट्रात झालेली. ही टीप लिहून घ्या. बदलीच्या मोसमात गडचिरोलीत चांगल्या, एका हातच्या गाड्या निघतात आणि विकणाऱ्याला घाई असते.

पण घाईत आपण पडायचं नाही. मी काय पाहिलं ते सांगतो. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढला. जुलै २०२२ मध्ये आपल्या दोन्ही जिल्ह्यांत काय पूर होता आठवतंय ना? पाण्यात बसलेली गाडी धुऊन चकाचक करतात, पण बेल्टच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. स्टेपनीच्या खालचा खड्डाही पाहिला. मग टायरवरचे चार आकडे. २३२१ असेल तर २०२१ चा तेविसावा आठवडा. पाचही टायर गाडीच्याच वयाचे निघाले, म्हणजे रनिंग खरं असण्याची शक्यता जास्त. आणि सगळ्यात मस्त युक्ती, मालकाची चालू पॉलिसी मागा आणि नो क्लेम बोनस पाहा. चार वर्षांच्या गाडीवर तो शून्य असेल तर नुकताच क्लेम घेतलाय, 'एक खरचटापण नाही साहेब' म्हणाला तरी. इथं तो ४५ टक्के होता. तो बोनस मात्र मालकाचा, गाडीबरोबर आपल्याला मिळत नाही. गाडीवर कर्ज होतं, म्हणून बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे दिले नाहीत. ट्रान्सफरचे फॉर्म २९ आणि ३०. इन्शुरन्स चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा लागतो, तो राहिला तर सगळं मुसळ केरात.

सहा लाख पाच हजारांना ठरली. स्विफ्टपेक्षा पंचेचाळीस हजार जास्त. मायलेज सोळा.

आणि मजा? जुन्या गाडीसारखी नाही. वळणात ती अंग टाकते, क्लच थोडा जड आहे. पहिले आठ दिवस मी नाराज होतो. मग मोहर्लीच्या रस्त्यानं एकदा सकाळी गेलो, पावसानंतर, सागाची पानं धुतलेली. तिथं चाळीसच्या वर जायचंच नसतं, जाऊही नये. काच खाली करून जात होतो आणि लक्षात आलं की अर्धा तास मी रस्त्याकडे पाहिलंच नाही. म्हणजे, पाहत होतो, पण खड्डे मोजत नव्हतो. आधीच्या गाडीत प्रत्येक खड्डा दिसला की पोटात गोळा यायचा आणि नजर तिथंच खिळायची. या वेळी डावीकडे चितळांचा कळप वेळेवर दिसला.

रंग पांढरा आहे. विकायला बरा आणि उन्हाला बरा. फक्त दुर्गापूरकडून आलो की काळी होते आणि ताईकडून आलो की लाल. एअर फिल्टर मी पुस्तकात लिहिलेल्याच्या अर्ध्या किलोमीटरवर बदलतो, आपल्या धुळीत तेवढा खर्च धरूनच चाला.

चार वर्षांनी ती कितीला जाईल ते तेव्हा याच पॉडकास्टवर सांगेन, आकडा वाईट आला तरी. तुमचे प्रश्न पाठवत राहा, फक्त 'कोणती घेऊ' एवढंच नको. रोज कुठून कुठे जाता, मागे कोण बसतं आणि मिस्त्री किती लांब आहे ते लिहा, मग बोलू.

आता थांबतो. उद्या बाबांची नागपूरची तारीख आहे, पहाटे पाचला निघायचंय, आणि टायरमध्ये हवा भरायची राहिलीय.